क्लासिक मोटार रॅलीतील बिघाड व अपघात

क्लासिक मोटार रॅलीतील बिघाड व अपघात या विषयात जुन्या, जतन केलेल्या मोटारींच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत वाटेत उद्भवणारे यांत्रिक दोष, त्यांवर रस्त्यातच केल्या जाणाऱ्या दुरुस्त्या आणि या दोषांमुळे किंवा रस्त्यावरील परिस्थितीमुळे घडणारे अपघात यांचा समावेश होतो. आधुनिक मोटारशर्यतीत बिघाड हा अपवाद मानला जातो. क्लासिक रॅलीत तो गृहीत धरलेला असतो. स्पर्धेचे नियम, संघाची रचना, बरोबर घ्यावयाचे सामान, एवढेच काय पण यशाची कल्पनाही त्याच्याभोवती घडलेली आहे.

व्याप्ती

जुन्या मोटारींची वर्गवारी देशोदेशी वेगळी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार किमान तीस वर्षे जुने, ऐतिहासिक दृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ‘ऐतिहासिक’ ठरते. इंग्लंडमध्ये १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणण्याची रूढी आहे. लंडन–ब्रायटन फेरीत केवळ १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या मोटारींनाच प्रवेश मिळतो. प्रस्तुत लेखात ‘क्लासिक’ हा शब्द या सर्वांसाठी व्यापक अर्थाने वापरला आहे.

शहरातून निघणारी सुशोभित मोटारींची मिरवणूक आणि खरी रॅली यांत फरक केला पाहिजे. मिरवणुकीत मोटार बंद पडली तर ती ढकलून बाजूला घेतात आणि फार तर मालकाची थोडी शोभा होते. हजारो किलोमीटरच्या रॅलीत तीच घटना स्पर्धेचा निकाल बदलते आणि घाटात घडली तर जिवावर बेतते.

शर्यतीकडून नियमिततेकडे

आजच्या बहुतेक क्लासिक रॅली वेगाच्या शर्यती नाहीत. त्या ‘नियमितता’ या तत्त्वावर चालतात. एका टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि वाटेतील गुप्त तपासणी-नाक्यांवर प्रत्येक मोटार ठरल्या क्षणी पोहोचते की नाही हे सेकंदांत मोजतात. उशिरा पोहोचल्यास जसा दंड, तसाच लवकर पोहोचल्यासही. या पद्धतीमागे जुन्या यंत्रांविषयीची हळवी भावना आहे, तसाच एक भीषण अपघातही आहे.

इटलीतील ब्रेशा ते रोम आणि परत अशी सुमारे एक हजार मैलांची ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत १९२७ पासून खुल्या रस्त्यांवर होत असे. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो या गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारी मोटारीचे टायर भर वेगात निकामी झाले आणि मोटार रस्त्याकडेच्या प्रेक्षकांत घुसली. दे पोर्तागो, त्यांचे सहचालक एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. कारखान्याचे मालक एन्झो फेरारी यांच्यावर खटला भरण्यात आला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. वेगाची शर्यत म्हणून मिल्ले मिल्या तेथेच संपली. १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती नियमिततेची रॅली म्हणून, १९२७ ते १९५७ या काळातील मोटारप्रकारांसाठी. मोटारी त्याच, रस्तेही बरेचसे तेच. बदलले ते घड्याळाकडे पाहण्याचे धोरण.

बिघाडांची कारणे

जुनी मोटार बंद पडते याचे कारण केवळ तिचे वय नव्हे. ज्या रस्त्यांसाठी, ज्या इंधनासाठी आणि ज्या वेगासाठी ती घडवली होती ते तिच्या भोवतालून नाहीसे झालेले असते. उलट, वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली आणि एकदम रॅलीत उतरवलेली मोटार नियमित चालणाऱ्या मोटारीपेक्षा लवकर दगा देते. तेलसीले वाळतात, टाकीत गंज साठतो, ब्रेकच्या नळ्या आतून फुगतात आणि टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन त्याला चिरा जातात.

सर्वांत नित्याचा दोष म्हणजे इंजिन तापणे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारींत पाणी फिरवण्यासाठी पंप नसे. गरम पाणी वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते एवढ्याच तत्त्वावर रेडिएटरचे काम चाले. सपाट रस्त्यावर हे पुरे पडते. चढावर इंजिनावर ताण जास्त आणि समोरून येणारा वारा कमी, त्यामुळे पाणी उकळू लागते. उंचीवर ही अडचण दुणावते. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो आणि उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ८३ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्याच विरळ हवेमुळे कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिन काळा धूर सोडते आणि त्याची शक्ती निम्म्यावर येते. अशा वेळी जेट बदलणे हाच उपाय असतो आणि तो कडाक्याच्या थंडीत उघड्यावर करावा लागतो.

इंधनाचे दोष वेगळ्या जातीचे आहेत. आजचे पेट्रोल जुन्या पेट्रोलपेक्षा लवकर उडून जाते. गरम इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीत त्याची वाफ होते, पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते आणि मोटार मुकाट्याने थांबते. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. नळीवर ओले फडके गुंडाळून वाट पाहणे हा यावरचा जगभर चालणारा उपचार आहे. इथेनॉलमिश्रित इंधनाने जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब होतात. काही जुन्या कार्ब्युरेटरांतील बुचाच्या लाकडाच्या तरंगकावर लाखेचा लेप असे. लाख मद्यार्कात विरघळते, मग तरंगक इंधन शोषून जड होतो आणि पेट्रोल वाहू लागते. शिसेविरहित पेट्रोलचा परिणाम सावकाश दिसतो: शिशाचा थर नसल्याने ओतीव लोखंडातील व्हॉल्व्हच्या बैठका झिजत जातात आणि कधीतरी दीर्घ चढणीवर एक सिलिंडर काम सोडतो.

ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत मॅग्नेटो हा जुन्या मोटारीचा सर्वांत नाजूक अवयव होय. त्याच्या वेटोळ्यांवरील आवरण उष्णतेने व ओलाव्याने निकामी होते. थंड असताना तो नीट चालतो आणि तापल्यावर ठिणगी देत नाही. त्यामुळे दोष शोधणे अवघड जाते. नंतरच्या काळातील मोटारींत हेच उपद्रव काँडेन्सर व कॉइल देतात, पण ते दहा मिनिटांत बदलता येतात.

खडबडीत रस्त्यावर मोडतात ते मात्र खालचे भाग. कच्च्या रस्त्यावर वाहतुकीमुळे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा तयार होतात. त्यांवरून तासन् तास गेल्यावर कमानीच्या पाट्यांना तडे जातात, शॉक अब्सॉर्बरमधील तेल तापून ते मलूल होतात, पेट्रोलच्या टाकीचे सांधे उसवतात आणि वेल्डिंग केलेल्या जागा उघडतात. मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारा हाफ शाफ्ट तुटला तर मोटार इंजिन सुरू असूनही जागची हलत नाही. लाकडी आऱ्यांच्या चाकांना कोरडी हवा सोसत नाही. लाकूड आकसते, आरे खुळखुळतात आणि चाक वळणावर बसते.

बिघाड आणि अपघात यांच्यातील अंतर ब्रेकच्या बाबतीत सर्वांत कमी असते. चारही चाकांना ब्रेक देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ झाली. त्यापूर्वीच्या बहुतेक मोटारी मागच्या दोन चाकांवर थांबतात. पुढे द्रवदाबाचे ब्रेक आले, परंतु साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुसंख्य मोटारींत त्यांचे मंडल एकच असे. एखादी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. लांब उतारावर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात ते निराळेच. म्हणून अनुभवी चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात.

पेकिंग ते पॅरिस, १९०७

रस्त्यावरील बिघाडांचा इतिहास सांगताना या मोहिमेपासूनच सुरुवात केली जाते, कारण आजच्या अनेक दीर्घ क्लासिक रॅली तिच्याच अनुकरणातून निघाल्या आहेत. पॅरिसच्या ‘ल मातें’ या वृत्तपत्राच्या आवाहनावरून १० जून १९०७ रोजी पाच मोटारी पेकिंगहून निघाल्या: इटलीची एक इताला, नेदरलँड्सची एक स्पायकर, फ्रान्सच्या दोन द दिओं-बूतों आणि काँताल ही तीनचाकी. मंगोलियात इंधनाचे साठे उंटांच्या काफिल्यांनी आधीच पोहोचवून ठेवले होते. पेकिंगच्या उत्तरेकडील डोंगरांत तर मोटारी माणसांनी व जनावरांनी ओढून न्याव्या लागल्या.

काँताल गोबीच्या वाळवंटात इंधन संपून अडकली. तिचे चालक ऑग्युस्त पाँ आणि त्यांचा सोबती पाण्यावाचून मरणाच्या दारी पोहोचले होते. स्थानिक भटक्या लोकांनी त्यांना वाचवले. मोटार तेथेच राहिली. पुढील सर्व स्पर्धांनी या घटनेपासून एक धडा घेतला: वाळवंटात कोणतीही मोटार एकटी मागे राहता कामा नये.

इताला मोटारीत राजपुत्र शिपिओने बोर्गेझे, मेकॅनिक एत्तोरे गुइझ्झार्दी आणि पत्रकार लुइजी बार्झिनी होते. नदी ओलांडताना मॅग्नेटो काढून कोरडा ठेवायचा आणि मोटार बैलांकरवी ओढून पलीकडे न्यायची, अशी युक्ती त्यांनी केली. सैबेरियात बैकल सरोवराच्या परिसरात रस्ता अशक्य झाल्याने त्यांनी परवानगी काढून मोटार रेल्वेमार्गावरून चालवली. त्याच भागात एका जीर्ण लाकडी पुलाच्या फळ्या मोडून इताला मागच्या बाजूने खाली कोसळली आणि जवळजवळ उभी अडकली. प्रवाशांना किरकोळ दुखापती झाल्या. रेल्वेच्या मजुरांनी दोर व ओंडके लावून मोटार वर काढली आणि थोड्याफार दुरुस्तीनंतर ती चालू लागली. पुढे उरल पर्वताच्या प्रदेशात तिच्या मागच्या लाकडी चाकाने दम सोडला. एका रशियन सुताराने कुऱ्हाडीने लाकूड तासून नवे चाक घडवून दिले. कारखान्यातील कारागिरांनाही अभिमान वाटावा असे हे काम होते आणि त्या सुताराजवळ मोटारीचा कसलाही नकाशा नव्हता. इताला १० ऑगस्ट १९०७ रोजी पॅरिसला पोहोचली.

स्पायकर मोटारीचे चालक शार्ल गोदार यांची कहाणी वेगळ्या अर्थाने उद्बोधक आहे. सैबेरियात त्यांचा मॅग्नेटो बंद पडला. जवळपास दुरुस्तीची सोय नव्हती, म्हणून मोटार आगगाडीवर चढवून ते तोम्स्कला गेले आणि तेथील तंत्रशास्त्र संस्थेत मॅग्नेटोची वेटोळी नव्याने भरून घेतली. मग मोटार पुन्हा आगगाडीने मागे आणून, जेथे प्रवास तुटला होता तेथून रात्रंदिवस चालवत त्यांनी इतरांना गाठले. मार्ग सलग पुरा करण्याचा हा हट्ट पुढे क्लासिक रॅलींच्या नीतीचा भाग झाला. खुद्द गोदार यांना मात्र आर्थिक फसवणुकीच्या आरोपावरून वाटेतच अटक झाली आणि स्पायकर पॅरिसमध्ये नेण्याचे श्रेय त्यांना मिळाले नाही.

नव्वद वर्षांनी, सप्टेंबर–ऑक्टोबर १९९७ मध्ये, याच दोन शहरांदरम्यान क्लासिक मोटारींची रॅली झाली. तिचा मार्ग तिबेट, नेपाळ, भारत, पाकिस्तान आणि इराणमधून जात होता. पाच हजार मीटरहून उंच खिंडींत उकळणारे रेडिएटर आणि गुदमरणारी इंजिने यांनी अनेक देखण्या मोटारींची परीक्षा पाहिली. विजेती ठरली ती १९४२ ची विलिस जीप. वाईट रस्त्यांसाठीच जन्मलेले हे लष्करी वाहन जिंकावे यात नवल नाही. मात्र उंची सहली-मोटारी घेऊन आलेल्यांना हा निकाल फारसा रुचण्यासारखा नव्हता.

लंडन ते सिडनी, १९६८

लंडन–सिडनी मॅरेथॉन ही मुळात त्या काळच्या नव्या मोटारींची स्पर्धा होती. आज तीत धावलेल्या मोटारी स्वतःच क्लासिक झाल्या आहेत आणि १९९३ मध्ये पंचवीस वर्षांनिमित्त क्लासिक मोटारींसाठी तिची पुनरावृत्तीही झाली. महाराष्ट्राशी तिचा थेट संबंध आहे: २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून निघालेल्या ९८ मोटारींपैकी ७२ मोटारी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि दिल्ली या मार्गे मुंबईत पोहोचल्या. मुंबई बंदरातून ‘चुसान’ या जहाजावर चढवून त्या ऑस्ट्रेलियाला नेण्यात आल्या.

मुंबईत आघाडीवर होते रॉजर क्लार्क व ओव्हे अँडरसन, लोटस कॉर्टिना मोटारीत. ऑस्ट्रेलियात त्यांच्या इंजिनाचा पिस्टन निकामी झाला. त्यांच्याच कंपनीच्या दुसऱ्या चालकाची मोटार उघडून तिचे भाग यांच्या मोटारीला बसवण्यात आले, म्हणजे एका मोटारीचा बळी देऊन दुसरी चालती ठेवली. त्यानंतर मागचा डिफरन्शियल तुटला. रस्त्याच्या कडेला एक कॉर्टिना उभी दिसली. तिचा मालक आधी तयार नव्हता; अखेर त्याने आपल्या मोटारीचा मागचा आस विकला. बदलण्यात ऐंशी मिनिटे गेली आणि विजयाची संधीही गेली.

मग आघाडी आली ल्युसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांच्या सिट्रोएनकडे. दुसऱ्या क्रमांकावरील जर्मन फोर्ड टाउनसचा स्टिअरिंगचा दांडा तुटल्याने ती मागे पडली. सिडनी अवघे ९८ मैल उरले असताना नाउरा येथील तपासणी-नाक्याजवळ समोरून आलेल्या मोटारीशी सिट्रोएनची टक्कर झाली. दोघेही जखमी होऊन रुग्णालयात गेले. मोटारीत कोणताही यांत्रिक दोष नव्हता. रस्ता वाहतुकीस खुला होता, एवढेच कारण पुरले. पाठोपाठ आलेले पॅडी हॉपकर्क विजयाच्या शर्यतीत असूनही थांबले, त्यांनी जखमींना मदत केली आणि आग विझवली.

अँड्रू कोवन, कॉलिन मॅल्किन आणि ब्रायन कॉईल यांची हिलमन हंटर पहिली आली, हॉपकर्क दुसरे. फार थोड्या मोटारी सिडनीला पोहोचतील या अंदाजाने कोवन यांनी कंपनीकडे शेवटची का होईना पण पोहोचणारी मोटार मागितली होती. ९८ पैकी ५६ मोटारींनी स्पर्धा पूर्ण केली. हंटरच्या रचनेवर आधारलेली ‘पेकान’ मोटार पुढे कित्येक दशके इराणच्या रस्त्यांवर सर्रास दिसत असे.

लंडन–ब्रायटन फेरी

ही फेरी १४ नोव्हेंबर १८९६ च्या प्रवासाच्या स्मरणार्थ होते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आली होती. मूळ प्रवासात बऱ्याच मोटारी वाटेतच थांबल्या. एक मोटार आगगाडीने ब्रायटनला नेऊन, तिला चिखल फासून हजर करण्यात आली अशी आख्यायिका आहे. आजची फेरी सुमारे साठ मैलांची असून तिच्यात क्रमांक काढले जात नाहीत. ताशी सरासरी वीस मैलांपेक्षा वेगाने जाण्यास मनाई आहे आणि दुपारी साडेचारपूर्वी पोहोचणाऱ्यांना पदक मिळते. हेन्री कॉर्नेलियस दिग्दर्शित ‘जेनेव्हिव्ह’ (१९५३) या विनोदी चित्रपटाने ही फेरी जगाला माहीत करून दिली; त्यातील १९०४ ची दाराक मोटार सतत बंद पडते, हेच कथेचे इंजिन आहे.

रस्त्यावरील दुरुस्ती

रॅलीतील दुरुस्तीला कारखान्यातील दुरुस्तीचे निकष लावता येत नाहीत. पुढच्या मुक्कामापर्यंत मोटार पोहोचवणे हाच तिचा हेतू असतो. तुटलेल्या पाट्याला लाकडाची पट्टी बांधून साखळीने आवळतात, गळणारी टाकी साबणाने बुजवतात, तुटलेला पट्टा दोराने चालवून घेतात. फॅन बेल्ट, काँडेन्सर, नळ्या, गॅस्केट, चाकाचे बेअरिंग, तार आणि दोन स्टेपन्या हे सामान बहुतेकांजवळ असते. त्यापलीकडे किती न्यावे हा वादाचा विषय आहे, कारण सुट्या भागांचे ओझेच कमानी मोडते.

दुसरा आणि अधिक गंभीर वाद मूळ स्वरूपाचा आहे. आजचे टायर, द्विमंडल ब्रेक, आसनपट्टे, अग्निशामक, विजेचा पंखा यांनी मोटार सुरक्षित होते. पण ती ‘तीच’ राहते का? आयोजकांचा कल जीवरक्षक बदलांना मुभा देण्याकडे आणि वेग वाढवणारे बदल नाकारण्याकडे आहे, आणि तो रास्तच म्हटला पाहिजे. ग्विदित्सोलोच्या अपघाताचा इतिहास माहीत असताना मूळ टायरचा आग्रह धरणे कठीण आहे. दीर्घ रॅलींत मोटारींच्या मागून मेकॅनिकांचे पथक जाते. ते वेल्डिंग करून देते, ओढून नेते, पण दंडाचे गुण चुकवत नाही.

भारतातील स्थिती

दिल्लीत १९६४ पासून ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली होत आली आहे. मुंबईतही अशा फेऱ्या भरतात. त्यांचे अंतर थोडे असल्याने आस किंवा कमानी तुटण्याचे प्रसंग विरळा. मुख्य शत्रू म्हणजे उष्णता आणि वाहतूक. जुन्या मोटारीचा पंखा इंजिनाच्या गतीवर फिरतो, त्यामुळे सिग्नलपाशी खोळंबल्यावर तो मंदावतो आणि नेमके तेव्हाच पाणी उकळते. शिसेयुक्त पेट्रोल २००० पर्यंत देशातून हद्दपार झाले आणि आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळू लागल्याने नळ्या व गॅस्केट बदलून घेणे मालकांना भाग पडले आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. अशा वाहनांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येतात. नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरास बंदी आहे. या बंधनामुळे रॅलीपूर्वी मोटार लांबवर चालवून तिचे दोष हेरण्यास फारसा वाव उरत नाही, आणि पुष्कळ बिघाड पहिल्यांदा उघड होतात ते प्रत्यक्ष रॅलीच्या दिवशीच.